प्रमुख सहवास

आईला जाऊन महिनाही झाला नव्हता, तेव्हा परक्या देशाच्या वेशीवर एका यंत्राने केतकीला आईचा पत्ता विचारला.

हाल्वेनचा विमानतळ तिला नवा नव्हता. नऊ वर्षांपूर्वी लग्नानंतर ती निषादबरोबर पहिल्यांदा इथे उतरली, तेव्हा काचेमागे माणसं बसायची आणि शिक्के मारायची. आता तिथे छोट्या छोट्या केबिनांची रांग होती. नवराबायकोने जोडीने आत जायचं, तळहात काचेवर टेकवायचे, गालाच्या आतून कापसाची काडी फिरवून ती खाचेत ठेवायची आणि बाकावर बसून राहायचं. चहाला आधण येईपर्यंत निकाल लागायचा.

त्यांच्या पुढे सोलापूरकडचं एक जोडपं उभं होतं. रांग लागल्यापासून त्यांचं भांडण चालू होतं.

“तुझ्या ताटात जेवून जेवून माझी शुगर वाढली,” नवरा म्हणत होता.

“एकदा आकडा लागू दे. मग तू तुझ्या ताटात आणि मी माझ्या फ्लॅटवर.”

“वकिलाला फोन केलास का?”

“केला. तो म्हणाला, आधी शिक्का पडू दे, मग तारीख घेऊ.”

दोघं आत गेली आणि थोड्या वेळाने बाहेर आली. नवऱ्याने निषादकडे बघून अंगठा वर केला. “बासष्ट! आमचं कसं का असेना, जंतूंचं जमतंय.”

निषाद हसला. केतकीला हसू आलं नाही. तिने तळहात काचेवर टेकवले. काच गार होती.

पडद्यावर आकडा आला. एकोणीस. चाळीसच्या खाली आत घेत नाहीत, हे तिला माहीत होतं. पण आकड्याखाली आणखी एक ओळ होती आणि ती तिने दोनदा वाचली.

प्रमुख सहवास : अन्य व्यक्ती. संभाव्य नाते : माता.

काउंटरवर एक थोराड, दमलेल्या चेहऱ्याची अधिकारी बाई होती. तिच्यासमोर दुभाषा यंत्राची डबी होती. नऊ वर्षांत केतकी तिथली भाषा चांगली बोलायला शिकली होती, पण सीमेवर ज्याने त्याने आपल्या मातृभाषेतच बोलायचं, असा नियम होता. घाबरलेला माणूस मातृभाषेत खोटं कमी बोलतो, असं म्हणे कुणीतरी शोधून काढलं होतं. डबीला मराठी कुणी शिकवलं होतं कोण जाणे, पण ती एखाद्या जुन्या बखरीतून उठून आल्यासारखी बोलायची.

“आपल्या मातोश्री सांप्रत कोठे वास्तव्य करतात?”

“त्या वारल्या,” केतकी म्हणाली.

बाईने पडद्याकडे पाहिलं, मग केतकीकडे. ती काहीतरी पुटपुटली. डबी म्हणाली, “परंतु आपण त्यांच्यासमवेत राहत आहात, असे दिसते.”

निषाद पुढे झाला आणि आईच्या आजारपणाचं, मिरजेतल्या आठ महिन्यांचं सगळं सांगू लागला. बाईने ऐकून घेतलं. तिची नजर वाईट नव्हती. पण आकडा एकोणीसच होता. तिने तात्पुरता परवाना दिला. तीन आठवड्यांनी पुन्हा तपासणी होणार होती, आणि तेव्हा चाळीस झाले नाहीत, तर केतकीला परतीच्या विमानात बसावं लागणार होतं.

*

आपल्या अंगावर, तोंडात, पोटात अब्जावधी सूक्ष्मजीव नांदत असतात. जात एक असली तरी त्यांची घराणी वेगळी असतात, आणि माणसागणिक ही घराणी बदलतात. एका छपराखाली राहणाऱ्यांची मात्र हळूहळू मिसळून जातात. एक टॉवेल, एक उशी, एका पेल्यातलं पाणी, झोपेत अंगावर पडलेला हात, एवढं त्यांना पुरतं. ही घराणी एकेक करून ओळखणं स्वस्त झालं, तेव्हा कुणाच्या तरी डोक्यात आलं, की दोन माणसं खरोखर एकत्र राहतात का, हे यावरून सांगता येईल. त्या मोजमापाला सहवासांक म्हणू लागले.

व्हिसासाठी खोटी लग्नं लावण्याचा धंदा तेव्हा जोरात होता. त्यामुळे सहवासांकाचं सगळ्यांनी स्वागतच केलं. केतकीने आणि निषादनेही केलं होतं. पहिल्या मुलाखतीत एका अधिकाऱ्याने तिला विचारलं होतं, की नवरा कोणत्या कुशीवर झोपतो, आणि शेजारच्या खोलीत तेच निषादला विचारलं होतं. दोघांची उत्तरं जुळली नाहीत, कारण निषाद कोणत्या कुशीवर झोपतो हे खुद्द निषादला माहीत नव्हतं. त्यापेक्षा जंतू परवडले. शरीर खोटं बोलत नाही, असं त्या यंत्राच्या जाहिरातीत म्हटलं होतं.

शरीर खोटं बोलत नव्हतंच. गेले आठ महिने केतकी मिरजेला आईपाशी होती. आईचे स्नायू एकेक करून थकत चालले होते. आधी हात गेले, मग वाचा, मग गिळणं. पेज फार गरम नाही ना, फार घट्ट नाही ना, हे बघायला केतकी प्रत्येक चमचा आधी आपल्या ओठांना लावायची. आईची हालचाल कळावी म्हणून तिच्याच पलंगावर, तिच्या पोटावर हात ठेवून झोपायची. त्या खोलीच्या दाराची बिजागरी करकरायची आणि आई दचकून जागी व्हायची. तेल घालूनही ती करकर गेली नाही. म्हणून नर्स येवो, डॉक्टर येवो, की शैलामावशी, केतकी आतूनच म्हणायची, “हळू उघडा.” आठ महिन्यांत हे दोन शब्द तिच्या तोंडात इतके बसले, की स्मशानातून परतल्यावर कुणीतरी त्या खोलीचं दार ढकललं, तेव्हाही ते तिच्या तोंडून निघून गेले. मग सगळे एकमेकांकडे बघू लागले.

निषाद आला तो आई गेल्यानंतर. केतकी एकुलती एक, म्हणून अग्नी तिनेच दिला आणि तेराही दिवस तिनेच पाळले. मावशीने जावयाचं अंथरूण बाहेरच्या खोलीत घातलं. ताट वेगळं, टॉवेल वेगळा. निषाद समजूतदार माणूस. रीत आहे ना, मग पाळायची, असं म्हणून तो त्या दिवसांत केतकीच्या चार हात लांबूनच वावरला. तीही गप्प राहिली. खरं तर लांब राहायला निमित्त मिळालं, याचं तिला बरंच वाटलं होतं.

हाल्वेनच्या घरी पोचल्यावर तिने मावशीला फोन केला, तेव्हा मावशी कपाळाला हात लावून बसली.

“म्हणजे माझ्या त्या अंथरुणानं घात केला म्हण की.”

“नाही गं मावशी. तेरा दिवसांनी असा काय फरक पडणार होता?”

“पडला असता. चार-पाच तरी वाढले असते. त्या मशीनला सुतक कळत नाही होय?”

“नाही कळत.”

“मग कसली गं एवढी हुशार?” मावशी म्हणाली आणि रडू लागली.

*

शहरातल्या समायोजन केंद्राने निषादला एक पेटी पाठवली होती. ती चार दिवस जेवणाच्या टेबलावर तशीच पडून होती. आत गुळण्या करायचं औषध, अंगाला लावायचा मलम आणि काही गोळ्या होत्या. आधी आपले जंतू धुऊन काढायचे आणि मोकळ्या झालेल्या जागेत जोडीदाराचे रुजवायचे. दोन दिवसांचं काम. परत येणारी बहुतेक माणसं दुसरा विचारही न करता हे उरकून टाकायची.

“केतू,” निषाद म्हणाला, “शुक्रवारी केंद्राची वेळ घेतलीय.”

“कळलं.”

“नुसतं कळलं नको. तीन आठवड्यांतला एक गेला.”

“ते धुतलं की आई जाईल,” केतकी म्हणाली.

निषाद खुर्ची ओढून बसला. तो समुद्रातल्या पवनचक्क्यांच्या दुरुस्तीचं काम करायचा. हातांना भेगा पडलेल्या, चेहरा वाऱ्याने रापलेला. बोलण्याआधी तो नेहमी टेबलावरून हात फिरवायचा, तसा त्याने फिरवला.

“आई गेल्यात, केतू. हे जंतू आहेत.”

“मला माहितीय काय आहेत ते.”

“मग?”

“तिच्या साड्या मावशीने वाटल्या. चष्मा चितेवर गेला. अस्थी मीच सोडल्या, कृष्णेत. आता तिचं म्हणून जिवंत असं एवढंच उरलंय. ते मी गुळणी करून बेसिनमध्ये थुंकू?”

केतकीनेच पुढे विचारलं. आठ महिने गिळलेलं होतं ते.

“तू का आला नाहीस रे?”

“तुला माहितीय. परवाना नूतनीकरणाला गेला होता, आई गेल्यावरच हाती आला. तो हातात नसताना देश सोडला असता, तर तो रद्द झाला असता. माझाही, तुझाही.”

“झाला असता तर झाला असता.”

“आता म्हणतेस.”

“तेव्हाही म्हटलं असतं. तू विचारलंच नाहीस.”

निषाद उठला आणि पेटी कपाटात ठेवायला गेला. मग काय वाटलं कोण जाणे, ती परत आणून टेबलावर ठेवली.

*

शुक्रवारी ती दोघं केंद्रात गेली. न जाऊन काय करणार? हाल्वेनच्या ग्रंथालयातली केतकीची जागा तिच्यासाठी राखून ठेवलेली होती, भाड्याच्या घरावर तिचंही नाव होतं, आणि समोर बसलेला हा माणूस तिला नकोसा झाला होता असं तर अजिबात नव्हतं. तिला फक्त त्याच्यावर रागावता यायला हवं होतं, आणि रागवायलाही एका देशात असावं लागतं.

केंद्रातली डॉक्टर चटपटीत होती. तिने दोघांचे नमुने घेतले आणि बराच वेळ पडदा न्याहाळत राहिली.

“तुमचे पती तुमच्या आईबरोबर किती दिवस राहिले होते?”

“राहिलेच नव्हते,” केतकी म्हणाली. “ते मिरजेला आले ते ती गेल्यानंतर.”

“असं कसं होईल? यांच्या हातांवर तुमच्या आईची दोन घराणी आहेत. थोडी आहेत, पण जुनी आहेत. निदान सहा-सात महिन्यांपासूनची. आणि तुमच्याकडून आलेली वाटत नाहीत.”

केतकीने निषादकडे पाहिलं. निषादने आपल्या हातांकडे पाहिलं. एखादी चोरी उघडकीला यावी तसे त्याचे कान लाल झाले.

“दही,” तो म्हणाला.

“काय?”

“आईंचं विरजण. मी चालू ठेवलंय.”

लग्नानंतर केतकी पहिल्यांदा देश सोडायला निघाली, तेव्हा आईने एक पांढरा सुती रुमाल दह्यात बुडवून सावलीत वाळवला होता आणि घडी करून तिच्या पर्समध्ये ठेवला होता. दूधदुभतं सीमेपलीकडे नेऊ देत नाहीत. पण रुमालाला कोण अडवणार? इथे आल्यावर तो रुमाल कोमट दुधात भिजवला, आणि दुसऱ्या दिवशी मिरजेचं दही लागलं. तेव्हापासून ते कधी तुटलं नव्हतं. मिरजेला जाताना मात्र केतकीच्या मनात विरजणाचा विचारही आला नव्हता. परत आल्यावर फ्रिजमध्ये तो स्टीलचा डबा दिसला, पण तिने तो उघडून पाहिला नव्हता. असेल बाजारचं, असं तिला वाटलं होतं.

“तू दही खात नाहीस,” ती म्हणाली. “तुला वाससुद्धा सहन होत नाही.”

“खात नाही. लावतो. मग शेजारच्या आजीबाईंना नेऊन देतो आणि चमचाभर मागे ठेवतो. सुरुवातीला लागतच नव्हतं, नुसतं पाणी व्हायचं. म्हणून आईंना फोन केला.”

“कधी?”

“तू दुपारी औषधं आणायला जायचीस तेव्हा. मावशी फोन धरून बसायच्या. आई म्हणाल्या, निषादराव, दूध कोमट आहे की नाही ते बोट बुडवूनच बघायचं, थर्मामीटर नको. तेव्हापासून बोट घालतो. पुढे त्यांना बोलता येईना, तेव्हा मी डबा कॅमेऱ्यापुढे धरायचो. चमचा उभा राहिला तर त्या डोळे मिटायच्या. नाही राहिला, तर नुसत्या बघत राहायच्या.”

डॉक्टरला यातलं एक अक्षरही कळत नव्हतं.

“मला का नाही सांगितलंस?”

“सांगितलं असतं तर तू म्हणाली असतीस, दही लावायला जमतंय, यायला जमत नाही.”

केतकी नक्की तेच म्हणाली असती.

“मी त्यांना विचारलं होतं, येऊ का,” निषाद म्हणाला. “काय व्हायचं ते होऊ दे, निघून येतो म्हटलं. त्या म्हणाल्या, नका येऊ. पोरगी इकडं अडकलीय. तुम्ही तिकडचं दार उघडं ठेवा.”

केतकी खिडकीबाहेर बघत राहिली.

मग निषादने डॉक्टरला त्यांच्या भाषेत विचारलं, “तुमची ही पेटी उलटी चालते का?”

“उलटी म्हणजे?”

“माझे धुवायचे आणि तिचे माझ्यात रुजवायचे.”

डॉक्टरने भुवया उंचावल्या. “अवलंबिताने मुख्य अर्जदाराशी जुळवून घ्यायचं, अशी पद्धत आहे.”

“आमच्याकडेही तीच आहे,” केतकी म्हणाली. “लग्नाच्या आधीपासून सांगतात.”

“यंत्राला फक्त दोघांत सारखं काय आहे तेवढं कळतं,” डॉक्टर विचार करत म्हणाली. “कुणाचं कुणाकडे गेलं, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. नियमही आड येत नाही. आजवर कुणी विचारलंच नाही.” मग ती केतकीकडे वळली. “पण एक लक्षात ठेवा. काही केलं नाही तरी ही घराणी टिकणारी नसतात. वर्षभरात बहुतेक जातील.”

“जाऊ देत,” केतकी म्हणाली. “त्यांची त्यांना जाऊ देत.”

*

निषादला दोन दिवस ताप आला. तोंड सोलवटलं, जेवण जाईना. केतकीने मऊ पेज केली आणि त्याच्या उशाशी बसली. चमचा तिने सवयीने आधी आपल्या ओठांना लावला, आणि मग तिचा हात तिथेच थांबला.

“गरम आहे?” निषादने विचारलं.

“नाही,” ती म्हणाली. “बरोबर आहे.”

त्या आठवड्यात ती दोघं एका पांघरुणात झोपली. आईबद्दल फारसं बोलणं झालं नाही. एकदा निषाद म्हणाला, की आई डोळे मिटायच्या ते हो म्हणायला की दमून, हे त्याला कधीच नीट कळलं नाही. केतकी म्हणाली, तिलाही कळायचं नाही.

दुसऱ्या तपासणीत आकडा आला चोपन्न. निषादने तिचा हात घट्ट धरला. पण काउंटरवरची ती दमलेल्या चेहऱ्याची बाई पडद्याकडेच बघत राहिली. आता आकड्याखाली दोन ओळी होत्या. एक केतकीच्या नावापुढे, एक निषादच्या. प्रमुख सहवास : अन्य व्यक्ती. दोन्हीकडे तेच.

“आपल्या निवासस्थानी एक तिसरी व्यक्ती गुप्तपणे वास्तव्य करीत असावी,” डबी म्हणाली.

केतकीने मृत्यूचा दाखला पुढे केला. निषादने केंद्रातले उपचार सांगितले. बाईने दाखला वाचला आणि हळूच परत केला. मग ती बराच वेळ बोलली, आणि डबी तिच्या मागोमाग, न अडखळता.

“माझा आपणांवर विश्वास आहे. उपचारांची नोंद मी जोडीन. परंतु मृत व्यक्तीचा अंश काळानुसार घटतो. आपल्या मातोश्री पूर्वी एका व्यक्तीत होत्या, आता दोन व्यक्तींत आहेत. त्या वाढत आहेत. यंत्राच्या मते त्या जिवंत आहेत. गृहतपासणी अटळ आहे.”

विनापरवाना माणूस घरात ठेवला, तर दोघांचेही परवाने जातात. हे डबीने सांगितलं नाही. ते भिंतीवर पाच भाषांत लिहिलेलं होतं.

*

तपासनीस आले ते सकाळी, केतकी साडी नेसून ग्रंथालयात जायला निघत असताना. एक पुरुष, एक बाई. दोघं अदबीने वागले. बुटांवर कापडी पिशव्या चढवल्या, चहाला नको म्हणाले, डबी टेबलावर ठेवली आणि कामाला लागले. त्यांच्या हातात झाऱ्यासारखी एक दांडी होती. ती ते वस्तूंवरून फिरवत आणि तिच्या टोकाचा दिवा कधी पिवळा, कधी हिरवा होई.

न्हाणीघरात त्यांनी टूथब्रश मोजले. कपाटातले हँगर सरकवून मागे पाहिलं. पलंगाखाली वाकले. उशीवरून दांडी फिरवली, तेव्हा दिवा हिरवा झाला. बाईने पुरुषाकडे पाहिलं. मग स्वयंपाकघरात, फ्रिज उघडून, स्टीलच्या डब्याशी दांडी नेली, तर दिवा लखलखीत हिरवा झाला आणि यंत्र बारीक आवाजात वाजू लागलं.

“येथे त्यांचे वास्तव्य आढळते,” डबी म्हणाली.

निषाद समजावू लागला. दूध, विरजण, बोट बुडवणं. त्याच्या कपाळावर घाम आला होता. तपासनीस बाईने डबा उघडून आत पाहिलं आणि झाकण परत लावलं. केतकी दाराशी उभी होती. घाबरायला हवं, हे तिला कळत होतं. नऊ वर्षांचा संसार त्या दांडीच्या टोकाला लटकलेला होता. पण ती बघत होती ते दुसरंच. दोन परकी माणसं तिच्या आईला शोधत होती. मनापासून, कोपरा न कोपरा धुंडाळत, आई असणारच अशा खात्रीने शोधत होती. मावशीनेसुद्धा आईला असं शोधलं नव्हतं. सगळ्यांनी तिला किती पटकन नसलेली मानलं होतं.

घरात आता एकच जागा उरली होती. बोळाच्या टोकाची अडगळीची खोली. तिथे रिकाम्या बॅगा होत्या, निषादचे समुद्रावरचे जाड कोट होते आणि कपडे वाळत घालायची दोरी होती. केतकीनेच काल संध्याकाळी तिथले वाळलेले कपडे काढून आणले होते. खोलीत आणखी काही नाही, हे तिला चांगलं ठाऊक होतं.

पुरुष तपासनीस त्या बंद दारापाशी गेला. दांडीचा दिवा पिवळ्याचा हिरवा झाला, परत पिवळा झाला, आणि परत हिरवा. त्याने दुसऱ्या हाताने कडी धरली.

केतकीने पदर सारखा केला, आणि आपण पदर सारखा केला हे तिच्या लक्षातही आलं नाही.

“हळू उघडा,” ती म्हणाली.